आधी मोजा, मग उघडा: रखडणारा जुना लॅपटॉप पुन्हा कामाला लावताना

आठ-दहा वर्षांचा लॅपटॉप. सुरू व्हायला पाच मिनिटं घेतो, ब्राउझरचा तिसरा टॅब उघडला की गोठतो आणि पंखा मिक्सरसारखा ओरडतो. अशा वेळी बहुतेक जण सगळ्यात आधी रॅम वाढवतात, कारण ‘रॅम वाढवली की वेग वाढतो’ हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. पुष्कळदा त्याने ढिम्म फरक पडत नाही. घोडं रॅमपाशी अडलेलंच नसतं. ते हार्ड डिस्कपाशी, धुळीने भरलेल्या पंख्यापाशी किंवा कधी कधी चक्क चार्जरपाशी अडलेलं असतं. म्हणून स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्याआधी अर्धा तास मोजमापाला द्यावा. नेमकं कुठे अडतंय ते कळलं की बहुतेक लॅपटॉप एकाच नव्या भागात मार्गी लागतात.

घोडं अडलंय कुठे?

विंडोज असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि ‘परफॉर्मन्स’ टॅबवर जा. लॅपटॉप रखडलेला असतानाच हे बघायचं; निवांत असताना घेतलेले आकडे काहीच सांगत नाहीत. सुरू झाल्यावरची पहिली दहा मिनिटं यासाठी उत्तम. चार आकडे कागदावर लिहून घ्या: डिस्क किती टक्के गुंतली आहे, डिस्क प्रत्यक्षात सेकंदाला किती एमबी वाचते-लिहिते, मेमरी (म्हणजे रॅम) किती टक्के भरली आहे आणि सीपीयू (प्रोसेसर) किती गिगाहर्ट्झवर चालतोय. तारीख घालून हा कागद जपून ठेवा, शेवटी लागणार आहे.

डिस्क १०० टक्के गुंतलेली, वेग मात्र सेकंदाला एक-दोन एमबी आणि सीपीयू दहा-पंधरा टक्क्यांवर निवांत बसलेला, हे चित्र दिसलं तर दोष फिरत्या हार्ड डिस्कचा. लॅपटॉपच्या साध्या हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद. हवा असलेला तुकडा वाचणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद. त्यात डोकं त्या जागी सरकायचा वेळ धरला की एका वाचनाला १५ मिलिसेकंदांच्या आसपास जातात. सेकंदाला झाली फार तर साठ-सत्तर वाचनं. प्रत्येक वाचन ४ केबीचं असेल तर सेकंदाला हाती येतात जेमतेम पावणेतीनशे केबी. सुरू होताना लॅपटॉपला हजारो छोट्या फायली इकडून तिकडून गोळा करायच्या असतात, मग पाच मिनिटं लागणारच. एसएसडी म्हणजे चिपांवर डेटा ठेवणारी डिस्क, तिच्यात फिरणारं काही नाही. तिला तेच वाचन करायला साधारण ०.१ मिलिसेकंद पुरतो. इथे पडणारा फरक दुसरा कुठलाही बदल देऊ शकत नाही.

एक खाचखळगा मात्र आहे. डिस्क १०० टक्के दिसत असतानाच मेमरीही ९० टक्क्यांच्या वर असेल, तर रॅम अपुरी पडून लॅपटॉप डिस्कचाच मेमरीसारखा वापर करतोय. तेव्हा एसएसडीने बराच आराम पडेल, पण रॅमही लागेल. मेमरी साठ टक्क्यांवर असेल तर जास्तीची रॅम नुसती रिकामी पडून राहील.

आता सीपीयूचा वेग. काम जोरात चालू असताना तो ०.४ ते ०.८ गिगाहर्ट्झच्या दरम्यान खिळून बसला असेल, तर दोन संशयित आहेत. पहिला उष्णता. ‘एचडब्ल्यूइन्फो’सारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये तापमान बघा, इंटेलचे लॅपटॉपचे बरेच प्रोसेसर ९५ ते १०० अंश सेल्सियसजवळ पोहोचले की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतात. दुसरा संशयित चार्जर, आणि त्याच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही. काही कंपन्यांच्या चार्जरच्या पिनमध्ये मधोमध एक बारीक तार असते. ‘मी इतक्या वॅटचा आहे’ हे ती लॅपटॉपला सांगते. ती पिन वाकली किंवा दुसऱ्याच कंपनीचा चार्जर लावला की लॅपटॉप सावध होऊन सीपीयूचा वेग पाडतो, बॅटरीही चार्ज करत नाही. तपासणी सोपी आहे: चार्जर काढून बॅटरीवर चालवा. वेग लगेच वर गेला, तर उघडायची गरजच नाही, चार्जर बदला.

शेवटी डिस्कची प्रकृती. ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ हा प्रोग्रॅम उघडून तीन ओळी वाचायच्या: ०५, सी५ आणि सी६. ०५ म्हणजे खराब होऊन बदललेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे), सी५ म्हणजे वाचताना अडखळणारे आणि निकालाच्या प्रतीक्षेत असलेले, सी६ म्हणजे वाचताच न आलेले. हे आकडे मुळात सोळाच्या पायावर दाखवले जातात, सेटिंगमधून दशमान करून घ्या. नाहीतर १० दिसलं की दहाच समजाल, असतील सोळा. सी५ शून्य नसेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आजच डेटा दुसरीकडे घ्या. सी७ वाढलेला दिसला तर मात्र डिस्कपेक्षा तिच्या केबलवर किंवा जोडणीवर संशय घ्यावा.

झाकण उघडण्याआधीची तीन कामं

पहिलं काम डेटाची प्रत. बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि दुसऱ्या एखाद्या यंत्रावर दोन-चार फायली उघडून बघा. उघडून न पाहिलेली प्रत ही प्रत म्हणून धरू नये.

दुसरं, बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप. बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असते आणि मालकाला पत्ता नसतो. बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) काही सेटिंग बदललं किंवा डिस्क दुसऱ्या यंत्राला लावली की ती ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती आधीच कागदावर उतरवून ठेवा.

तिसरं, मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल. काही मोठ्या कंपन्या ते पीडीएफमध्ये मोफत देतात. त्यात स्क्रूंच्या जागा, त्यांची लांबी, रॅमच्या खाचा किती, डिस्क कुठल्या आकाराची हे सगळं असतं. इथेच कळतं की रॅम बोर्डवर सोल्डर केलेली आहे का आणि साठवण ईएमएमसी प्रकारची, म्हणजे तीही बोर्डला चिकटलेलीच आहे का. दोन्ही उत्तरं ‘हो’ असतील तर भाग बदलायचा विचार सोडा. हलकी ऑपरेटिंग सिस्टीम एवढाच मार्ग उरतो.

टचपॅड वर उचललेला, तळ टेबलावर नीट न टेकणारा किंवा झाकण बंद न होणारा लॅपटॉप दिसला तर आत बॅटरी फुगलेली असण्याची दाट शक्यता आहे. तो दाबून बंद करू नका, चार्जही करू नका. फुगलेली बॅटरी टोकदार वस्तूने उचकटली किंवा वाकवली तर पेट घेऊ शकते. आधी ती सुखरूप बाहेर, बाकीचं नंतर. आणि कचऱ्याच्या डब्यात नाही, ई-कचरा घेणाऱ्यांकडेच.

एसएसडी निवडताना

फिरती डिस्क असलेल्या लॅपटॉपमध्ये बहुधा अडीच इंची साटा (डिस्क जोडायचा एक प्रकार) डिस्क असते, तिच्या जागी अडीच इंची साटा एसएसडी थेट बसते. एकच गोष्ट जाडीची: जुन्या डिस्क कधी साडेनऊ मिमी असतात, एसएसडी सात मिमीची. उरलेल्या अडीच मिमीसाठी प्लास्टिकची चौकट मिळते. ती नसली आणि डिस्कचा ट्रे स्क्रूने आवळला जात नसेल तर एसएसडी हलते, जोडणी ढिली होते आणि लॅपटॉप अधूनमधून डिस्कच ओळखत नाही.

साटाची तिसरी पिढी सेकंदाला ६ गिगाबिट देते, प्रत्यक्षात ५५० एमबीच्या आसपास. जुन्या लॅपटॉपमध्ये दुसरी पिढी असेल तर निम्मंच मिळेल. त्याची खंत करू नका, फायदा सगळा त्या ०.१ मिलिसेकंदात आहे. म्हणूनच डब्यावरचे वेगाचे मोठाले आकडे बघून महागडी एसएसडी घेण्यात हशील नाही. २४० किंवा २५० जीबीची, माहितीच्या कंपनीची, काही वर्षांची वॉरंटी असलेली पुरते.

एम.२ ची, म्हणजे पातळ पट्टीसारख्या एसएसडीची, खाच असेल तर जरा थांबा. २२८० म्हणजे २२ मिमी रुंद आणि ८० मिमी लांब, एवढंच त्या आकड्यातून कळतं. खाच साटाची आहे की एनव्हीएमईची (साटाहून वेगवान जोडणीची), हे कळत नाही. काही जुन्या लॅपटॉपच्या एम.२ खाचेत फक्त साटा चालतं. एनव्हीएमई एसएसडी छान बसते, स्क्रूही लागतो, पण बायोसला दिसत नाही. मॅन्युअल बघितल्याशिवाय घेऊ नका.

फारच स्वस्तात भरपूर जीबी मिळत असतील तर आत एखादं छोटं मेमरी कार्ड निघू शकतं. नुसती नोंद मोठी केलेली असते. विंडोजवर ‘एच२टेस्टडब्ल्यू’ आणि लिनक्सवर ‘एफ३’ हे प्रोग्रॅम संपूर्ण डिस्क भरून परत वाचून बघतात. परत करायची मुदत संपायच्या आत ही चाचणी घ्या.

डीव्हीडी ड्राइव्हच्या जागी बसणाऱ्या कॅडीचा, म्हणजे दुसरी डिस्क ठेवायच्या चौकटीचा, मोह होतो. चालेल, पण ती ९.५ आणि १२.७ मिमी अशा दोन जाडींत मिळते, आपली आधी मोजा. आणि त्यात जुनी हार्ड डिस्क घाला. एसएसडी मूळ जागीच हवी. डीव्हीडीची जोडणी बऱ्याचदा कमी वेगाची असते आणि काही बायोस तिच्यावरून सुरू व्हायलाच नकार देतात.

रॅमचं थोडक्यात

डीडीआर३ आणि डीडीआर४ या रॅमच्या दोन पिढ्यांची खाच वेगळी असते, त्यामुळे तिथे चूक होत नाही. होते ती डीडीआर३ आणि डीडीआर३एलमध्ये. दोन्हींना २०४ पिना, दिसायला जुळ्या बहिणी. पण पहिलीला १.५ व्होल्ट लागतात, दुसरी १.३५ व्होल्टवर चालते. इंटेलच्या चौथ्या पिढीच्या लॅपटॉपना डीडीआर३एलच लागते, साधी घातली तर पडदा काळाच राहतो. डीडीआर३एल मात्र १.५ व्होल्टवरही चालते. म्हणून शंका असेल तेव्हा एल असलेलीच घ्या, लेबलवर ‘पीसी३एल’ बघा. प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स वापरणाऱ्या लॅपटॉपला ८ जीबीच्या एका पट्टीपेक्षा ४ जीबीच्या दोन पट्ट्या जास्त मानवतात, कारण दोन्ही मार्गांनी एकदम वाचन होतं.

उघडणं

लागणारी अवजारं थोडी आहेत: पीएच०० आणि पीएच० टोकांचे स्क्रू-ड्रायव्हर (काही मॉडेलना टॉर्क्स टी५), प्लास्टिकची पातळ पट्टी किंवा जुनं प्लास्टिक कार्ड, मऊ ब्रश, ९० टक्क्यांहून जास्त शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल, न झडणारं कापड आणि थर्मल पेस्टची (प्रोसेसर आणि त्यावरचा धातू यांच्या मधे लावायच्या लेपाची) लहान नळी. नेलपॉलिश काढायचं द्रव अल्कोहोलऐवजी वापरू नका. त्यातलं ॲसिटोन प्लास्टिक खातं.

चार्जर काढा. सुटी बॅटरी असेल तर काढा, मग चालू-बंदचं बटण पंधरा सेकंद दाबून धरा. एका कागदावर लॅपटॉपच्या तळाची आकृती काढा आणि प्रत्येक स्क्रू निघाला की त्याच जागी टेपने चिकटवा. हे पोरकट वाटतं, पण लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या भोकात आवळला तर तो बोर्डात किंवा तळहाताच्या जागेत घुसतो, आणि ती जखम भरून येत नाही. रबरी पायांखाली आणि डीव्हीडी ड्राइव्हच्या आत एखादा स्क्रू लपलेला असतो. सगळे काढूनही झाकण हटत नसेल तर जोर लावण्याआधी तो शोधा.

झाकण निघाल्यावर पहिलं काम आतल्या बॅटरीची जोडणी काढणं. त्याआधी काहीही हलवायचं नाही. मग एखाद्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा. चपट्या रिबन केबलींच्या टोकाशी काळी किंवा पांढरी चिमुकली पट्टी असते. ती नखाने उभी केली की केबल आपोआप सुटते. तशीच ओढली तर सॉकेटच उखडतं आणि कीबोर्ड किंवा टचपॅड कायमचा जातो.

एसएसडी सरकवून बसवायची. रॅमची पट्टी साधारण तीस अंशांत तिरपी घालून सोनेरी कड जवळजवळ दिसेनाशी होईपर्यंत आत ढकला, मग खाली दाबा. दोन्ही बाजूंचे खटके टक्कन बसले पाहिजेत. कड अर्धवट दिसत असेल तर पट्टी बसलेली नाही.

पंखा आणि पेस्ट

लोक बाहेरच्या जाळीतून हवा मारतात आणि साफ झालं म्हणतात. खरा अडथळा पंखा आणि तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांच्या मधे असतो. तिथे धूळ आणि तंतू दाबून नमद्यासारखा थर बसतो, हवा पलीकडे जातच नाही. बाहेरून हवा मारली तर तो थर सुटून पंख्यावर पडतो आणि पंखा सुरू होताच परत तिथेच जाऊन बसतो. पंख्याचं झाकण काढून तो थर चिमट्याने अख्खा उचलायचा. हवा मारायची असेल तर पातं बोटाने धरून ठेवा. मोकळा सोडलेला पंखा भन्नाट फिरतो, त्याची बेअरिंग खराब होते आणि मोटार उलटी वीज तयार करते.

तापमान आधीच ठीक असेल तर हीटसिंकला (प्रोसेसरची उष्णता वाहून नेणाऱ्या धातूच्या भागाला) हात लावू नका, नुसती सफाई पुरते. जास्त असेल तर उतरवा. स्क्रूंच्या शेजारी १, २, ३, ४ असे आकडे कोरलेले असतात: सोडवताना उलट्या क्रमाने, आवळताना सुलट. एक स्क्रू पूर्ण न आवळता सगळे थोडे थोडे आवळत जायचं, नाहीतर हीटसिंक एका बाजूला कलतो. प्रोसेसरची चिप उघडी असते. कोपऱ्यावर दाब आला तर टवका उडू शकतो.

वाळलेली पेस्ट अल्कोहोलने भिजवून पुसा, चिप आरशासारखी दिसली पाहिजे. नवी पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी. डेस्कटॉपच्या प्रोसेसरवर मधोमध ठिपका ठेवून सोडून देतात, कारण वर धातूचं झाकण असतं आणि ते उष्णता पसरवतं. लॅपटॉपच्या उघड्या चिपचा कोपरा कोरडा राहिला तर तोच तापतो. म्हणून प्लास्टिकच्या तुकड्याने संपूर्ण चिपवर पातळ थर पसरवा. जाड थर घातला तर उलट तापमान वाढेल. पेस्ट फक्त दोन पृष्ठभागांतल्या सूक्ष्म खड्ड्यांसाठी असते.

आजूबाजूच्या लहान चिपांवर करडी किंवा निळी मऊ गादी दिसेल. तो थर्मल पॅड. फाटला नसेल तर तसाच राहू द्या. तिथे पेस्ट घालून भागत नाही, कारण मधली फट अर्धा ते एक मिमीची असते आणि पेस्ट ती भरून काढत नाही.

झाकण लावण्याआधी आणखी एक नजर नाण्यासारख्या छोट्या बॅटरीकडे. ती बहुधा सीआर२०३२, तीन व्होल्टची. तारीख वारंवार २०१२ किंवा तशीच मागे जात असेल तर आत्ताच बदला. तारीख चुकली की ब्राउझर सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रं नाकारतो, आणि मग ‘इंटरनेट बिघडलं’ म्हणून दिवसभर राउटरशी झटापट होते.

ऑपरेटिंग सिस्टीम

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) लागतं आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. त्याहून जुन्या लॅपटॉपवर वळसे घालून ती बसवता येते, पण मोठ्या अपडेटच्या वेळी काय होईल याची हमी कुणी देत नाही. एखादा ठरावीक प्रोग्रॅम विंडोजवरच चालतो अशी अडचण नसेल, तर लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम घ्या. तिची २२ ही मालिका उबुंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्सवर आधारलेली आहे आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. किमान २ जीबी रॅम आणि २० जीबी जागा लागते. आरामात चालायला ४ जीबी. तिच्या तीन आवृत्त्यांपैकी ४ जीबी किंवा कमी रॅम असेल तर एक्सएफसीई, ८ असेल तर सिनॅमन. प्रोसेसर ६४ बिटचा हवा.

मिंटची आयएसओ (इन्स्टॉल करायची) फाइल उतरवा, तिची शा२५६ बेरीज (फाइलवरून काढलेला ओळखीचा आकडा) संकेतस्थळावरच्या बेरजेशी जुळवा. हे टाळलं तर अर्धवट उतरलेली फाइल इन्स्टॉल होताना ऐन मध्यावर अडकते आणि दोष नव्या एसएसडीवर येतो. ८ जीबीचा पेनड्राइव्ह घेऊन ‘रुफस’ किंवा ‘एचर’ने त्यावर फाइल चढवा, पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं.

आता बायोस. साटाचा प्रकार ‘आयडीई’ किंवा ‘रेड’ असेल तर ‘एएचसीआय’ करा. आयडीईवर एसएसडीला ट्रिमचा (पुसलेल्या फायलींच्या जागा मोकळ्या झाल्याचं सांगणारा) आदेश पोहोचेलच असं नाही, तर रेडवर काही लॅपटॉपमध्ये लिनक्सच्या इन्स्टॉलरला डिस्क दिसतच नाही. जुनी विंडोज तशीच ठेवायची असेल तर मात्र हा बदल असा थेट करू नका, निळा पडदा येईल. नव्याने बसवताना ती भीती नाही.

पेनड्राइव्ह लावून बूट मेनू उघडा. डेल आणि लेनोव्होच्या पुष्कळ मॉडेलवर एफ१२, एचपीवर एफ९, आसुसवर एस्केप. एसरवर एफ१२ असतं, पण बायोसमधून आधी तो मेनू सुरू करावा लागतो. यादीत तोच पेनड्राइव्ह दोनदा दिसला तर ‘यूईएफआय’ (सुरू होण्याची नवी पद्धत) लिहिलेली ओळ निवडा. पेनड्राइव्ह ज्या पद्धतीने सुरू होतो त्याच पद्धतीने सिस्टीम बसते. इथे चुकलं की सगळं बिनबोभाट बसतं आणि पुन्हा सुरू केल्यावर ‘डिस्क सापडली नाही’ म्हणून संदेश येतो.

लगेच इन्स्टॉल करू नका. पेनड्राइव्हवरूनच मिंट चालते, तेव्हा वायफाय, आवाज, कॅमेरा, उजेडाची बटणं आणि झाकण मिटून पुन्हा उघडल्यावर लॅपटॉप जागा होतो का, हे बघून घ्या. वायफाय दिसलं नाही तर बहुधा ब्रॉडकॉमची चिप निघते. फोन यूएसबीने जोडून टेदरिंग (फोनचं इंटरनेट लॅपटॉपला देणं) सुरू करा, ड्रायव्हर मॅनेजर उघडा, तो सुचवेल तो ड्रायव्हर घ्या.

मग इन्स्टॉल. ‘मल्टिमीडिया कोडेक्स’च्या चौकटीत खूण करा. ‘इरेज डिस्क’ निवडताना डिस्कचं नाव आणि आकार दोनदा वाचा. कॅडीत जुनी डिस्क असेल तर ती या वेळेपुरती काढूनच ठेवा. डेटा जाण्याचे बहुतेक अपघात याच पडद्यावर होतात आणि तेही घाईतच. एसएसडीवर सगळं पंधरा-वीस मिनिटांत आटोपतं.

बसल्यावर क्रम असा ठेवा: अपडेट, ड्रायव्हर, मग टाइमशिफ्टने पहिला स्नॅपशॉट (सिस्टीमची त्या क्षणाची प्रत). टाइमशिफ्ट सिस्टीमच्या फायली जपतं, तुमचे फोटो आणि कागदपत्रं नाही. त्यांची प्रत वेगळी. ट्रिम आठवड्यातून एकदा आपोआप चालतं, त्यासाठी काही करू नका. ‘एसएसडीसाठी पंचवीस सेटिंग बदला’ असे जुने सल्ले दिसले तर दुर्लक्ष करा. डिस्कचा दहा-पंधरा टक्के भाग मोकळा ठेवला की झालं.

सगळं करूनही अडलं तर

रॅम बदलल्यावर पडदा काळा राहिला तर दोन मिनिटं थांबा. काही लॅपटॉप पहिल्यांदा नवी रॅम तपासत बसतात. तरीही काही नाही तर एकच पट्टी लावून बघा, मग दुसरी, मग खाच बदलून. सुरू होतो पण अधूनमधून गोठतो किंवा ब्राउझरचे टॅब कोसळतात, अशा वेळी ‘मेमटेस्ट८६+’ या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रॅमचा एक पूर्ण फेरा होऊ द्या. एकही लाल ओळ आली तर ती पट्टी बाद. ‘थोड्याच चुका आहेत’ असं रॅमच्या बाबतीत चालत नाही. त्या चुका हळूहळू फायलींत उतरतात.

पंखा पूर्वीपेक्षा जोरात फिरतोय? हीटसिंक नीट टेकलेला नाही किंवा पंख्याची जोडणी उलटी-अर्धवट बसली आहे. सफाई आणि पेस्टनंतर निवांत असताना ४० ते ५० आणि भर कामात ७५ ते ८५ अंश दिसले तर ठीक आहे.

बाकी सगळं पळतंय आणि फक्त ऑनलाइन व्हिडिओ अडखळतोय, ही तक्रार हमखास येते, आणि तिचा डिस्कशी संबंध नाही. यूट्यूब पुष्कळ व्हिडिओ व्हीपी९ किंवा एव्ही१ प्रकारात पाठवतं. इंटेलच्या चौथ्या पिढीपर्यंतच्या ग्राफिक्सला त्यांची फोड (डीकोडिंग) पूर्णपणे करता येत नाही, मग भार सीपीयूवर पडतो. व्हीपी९ पूर्णपणे सातव्या पिढीपासून जमतं. ब्राउझरमध्ये ‘एच२६४इफाय’ हे एक्स्टेंशन टाकलं की व्हिडिओ एच.२६४ मध्ये मागवला जातो, जो या जुन्या ग्राफिक्सला पेलतो. त्या प्रकारात १०८० च्या वरचा दर्जा सहसा मिळत नाही, पण या पडद्यांना तो दिसणारही नाही.

आता सुरुवातीचा कागद काढा आणि त्यातले जे आकडे मिंटच्या सिस्टीम मॉनिटरमध्ये दिसतात ते पुन्हा बघा. सुरू व्हायचा वेळ अर्ध्या-पाऊण मिनिटाच्या वर असेल तर कुठेतरी चुकलंय: एसएसडी कमी वेगाच्या जोडणीवर आहे, एएचसीआय राहून गेलंय किंवा सीपीयू अजूनही चार्जरपायी लंगडतोय.

निघालेली हार्ड डिस्क सी५ आणि सी६ शून्य असतील तर यूएसबीच्या डबीत घालून प्रती ठेवायला वापरा, पण एकमेव प्रत म्हणून नको. शून्य नसतील तर ती कुठल्याच कामाची नाही. टाकून देण्याआधी तिच्यावर एकदा पूर्ण शून्यं लिहा. फिरत्या डिस्कला एक फेरा पुरतो, सात-सात फेऱ्यांची गरज नाही. नुसतं ‘क्विक फॉरमॅट’ केलं तर फायली जागच्या जागीच राहतात, फक्त अनुक्रमणिका पुसली जाते.